डालग्याचे तीन दिवस

आक्का गेल्याचा फोन तिच्या मुलानं केला, तेव्हा मी परसात कोंबड्यांना कणी टाकत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो बोलला. आणि मी काय म्हणावं? "अरे, येत्या रविवारी कोंबडा घेऊन येणार होते ना मी!" दीड महिना झाला, पण आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. त्या रविवारचा वायदा मी आक्काला चौथ्यांदा केला होता...

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी दुसरीत होते, त्यामुळं बहीण म्हणून ती मला फारशी लाभलीच नाही. ती कवठे महांकाळकडं पडली, मी पुढं खंडाळ्याकडं. दोघींच्याही परसात आठ-दहा गावरान कोंबड्या आणि त्यांच्यात एक कोंबडा. आमचं बहीणपण जुळलं ते या कोंबड्यापायी, हसायचं तर हसा! एकच कोंबडा फार दिवस ठेवला की त्याच्याच लेकी अंड्यावर येतात, मग पिल्लं लुळी निघतात, निम्मी अंडी वाया जातात. "रगत बदलाय पायजे बघ," आक्का म्हणायची. म्हणून दर दोन वर्षांनी माझा कोंबडा तिच्याकडं आणि तिचा माझ्याकडं. पाय बांधून पिशवीत घालायचा, मुंडकं तेवढं बाहेर, आणि एसटीनं सातारा, कऱ्हाड, सांगली करत जायचं. एकदा त्यानं भर गाडीत अशी बांग दिली की डुलक्या काढणारी अख्खी गाडी जागी झाली. "मावशी, ह्येचं तिकीट काढलंय न्हवं?" कंडक्टरनं विचारलं.

नेलेला कोंबडा आक्का अंगणात डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या उपड्या टोपलीखाली, तीन दिवस झाकून ठेवायची. कोंबड्यांनी त्याला बघावं, त्यानं त्यांना बघावं, ओळख व्हावी म्हणून. "आणि ज्यानं आणला त्यानंच डालगं उचलायचं असतंय. दुसऱ्यानं उचललं तर कोंबडा टिकत न्हाई," हा तिचा नियम. झालं, माझा तीन दिवस मुक्काम! मी कुरकुर करायची, घरी धार कोण काढणार, सुनेला जमेल का... "राहू दे गं तुझं घर. बस की गप," म्हणत ती माझ्या डोक्यावर तेल थापायची. शेंगा फोडता फोडता मला न आठवणारं माझं लहानपण सांगायची. मी कशी तिच्याच कडेवर झोपायचे, तिच्या वरातीत कशी गाडीमागं रडत पळाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डालगं उचलायची. कोंबडा अंग झाडून, एक पंख जमिनीला घासत कोंबड्यांभोवती फिरायला लागला की आक्का पदर तोंडाला लावून हसायची, "नवरदेव निघाला गं बाई!" एवढं मोकळं मी दुसऱ्या कुणाबरोबर हसलेले नाही.

या वेळी पाळी आली आणि मी चालढकल केली. आधी नातवाची परीक्षा, मग गुडघा, मग पाहुणे. संक्रांतीनंतर तिचा पुन्हा फोन आला. "आगं, कवा येतीस? पिल्लंच निघंनात." मी वैतागून म्हणाले, "बाजारातून घे की एखादा. मला काय तेवढंच काम आहे?" ती म्हणाली, "बाजारचा नगं बाई. बरं, तुझ्या सवडीनं ये." तिला चार पावलं चालली तरी धाप लागत होती, हे मला तेराव्याच्या गर्दीत कुणीतरी सांगितलं.

राहिलेलं काम म्हणून परवा एकदाची कोंबडा घेऊन गेले. बघते तर परसात एक तांबडा, तुरेबाज कोंबडा ऐटीत फिरतोय. आक्काची सून सुनंदा सासूला आत्ती म्हणायची. तिला विचारलं, "हा कुणाचा गं?"

"आपलाच की. दिवाळीच्या आधी शेजारनं दिला."

दिवाळीच्या आधी! म्हणजे संक्रांतीला आक्का मला बोलवत होती ती... उगाच विचारलं, "मग त्याचं डालगं कुणी उचललं?"

"डालगं? कसलं डालगं, मावशी? आत्तींनी सांजच्याला त्येला खुराड्यात सोडला, सकाळी कोंबड्यांसंगं भाईर पडला. समदी असंच करत्यात. डालगं निस्तं तुमच्याच कोंबड्याला असायचं."

मी ओसरीवर बसकणच मारली. सुनंदा पाणी घेऊन आली, तिच्यासमोर हमसून हमसून रडले. एका परसात दोन कोंबडे नांदत नाहीत, म्हणून माझा मी परत घेऊन आले. तो आता बदलायला हवा, पण कुणाशी बदलू? येताना गाडीत एकच मनात घोळत होतं, आक्का, नुसतं 'ये' म्हणाली असतीस तरी आले असते गं! कऱ्हाड येईपर्यंत तेच म्हणत राहिले. पुढं म्हणवेना, कारण ते खोटं होतं. नुसतं 'ये' म्हटल्यावर मी सकाळी जाऊन संध्याकाळी परतले असते. माझी बहीण मला पुरती ओळखून होती.