डावीकडची सीट

मुळशीतल्या भरे गावात गोरख शेडग्याची जीप सगळ्यांनी पाहिली होती, पण चालताना पाहिलेली माणसं फार थोडी. बाकी गावाने पाहिली ती ताडपत्रीखाली झाकलेली, खाली चार टायर तेवढे दिसताहेत अशी. गावची टवाळ पोरं विचारायची, "गोरखनाना, जीप तुमच्या घरी राहती, का तुमी जिपीच्या घरी?" नाना हसायचा आणि ताडपत्रीची दोरी ओढून पुन्हा आवळायचा.

डोंगराकडची वाट्याची जमीन बंगल्यांच्या योजनेत गेली तेव्हा भावकीतल्या प्रत्येकाने पांढरी, थोराड, काळ्या काचांची गाडी दारात आणली. गोरखने मात्र जुनी उघडी जीप शोधून आणली. लहानपणी धरणाकडे जाणाऱ्या साहेबांची तसली जीप त्याने पाहिली होती आणि तिच्या धुरळ्यात पौडापर्यंत धावला होता. ते वेड चाळीस वर्षं पोटात राहिलं. गर्द लाल रंग, पुढे दोन गोल दिवे, आणि हॉर्न असा की वाजवला तर खालच्या आळीतली म्हैस दावं तोडेल. ना धड माल वाहायला, ना वरात काढायला. निव्वळ मजेची गाडी होती ती. आणि मजा करायची वेळ आली की गोरख मागे सरायचा.

कारण मुळशीचा पाऊस. इथे पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. गोरख रोज पिरंगुटच्या कारखान्यात मोटरसायकलवर जायचा, फाटका रेनकोट घालून, आणि भिजलेल्या कोंबड्यासारखा परत यायचा. जीप गोठ्याच्या पत्र्याखाली कोरडी ठणठणीत. तिच्यासाठी त्याने गाय विकली होती, गोठा झाडून सारवून घेतला होता. गाडी सुकी आणि मालक ओला, असा तो उरफाटा संसार.

या संसारात शारदा होती. गोरखची बायको, माहेर पौडापलीकडच्या माले गावचं, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्याची. तिचं मागणं एकच होतं, आणि ते एवढंसं होतं.

"अवं, एकदा जिपीतनं माल्याला जाऊ. आईच्या दारात जाऊन हॉर्न वाजवायचा. आई भाईर आली का म्हनंल, कोन आलं गं बया? मंग मी उतरनार."

"जाऊ की," गोरख म्हणायचा. "जरा पाऊस सरू दे."

पाऊस सरला की रस्ता खणलेला असायचा. रस्ता बुजवला की धुरळा. धुरळा बसेतो ऊन एवढं की रंग उडेल. उन्हाळा संपत आला की ढग. वर्षाचं चाक असं फिरायचं आणि जीप जागेवर. शारदा सुरुवातीला चिडायची, मग थट्टा करायची, शेवटी नुसती मान हलवायची. गोरखला वाटलं, हिची हौस फिटली. बायकोची हौस न पुरवताच फिटते असं समजणारे नवरे गावोगाव आहेत, त्यातलाच हा एक.

तिला त्या जिपीत बसायला मिळालं ते फक्त दसऱ्याला. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूची माळ, आणि घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत पहिल्या गिअरमध्ये एक फेरी. शारदा डावीकडच्या सीटवर पूजेचं ताट मांडीवर घेऊन ताठ बसायची, जणू सगळं मावळ तिच्या मागून चाललंय. देवळापर्यंत पायी गेलं तरी तेवढाच वेळ लागला असता. पण ती उतरताना दर वेळी सीटवर हात फिरवायची. ते गोरखने पाहिलं होतं, आणि पाहून सोडून दिलं होतं.

मग एका आषाढात, भर सकाळी, भाकरी थापता थापता शारदा परातीवर वाकली ती वर येईना. छातीत कळ आली होती. घाम सुटलेला, ओठ पांढरे. मुलगी रूपाली ओरडली, "आबा, गाडी काढा!" आणि गोरख धावत सुटला, तो शेजारच्या राजूच्या दारात. राजूचा पिकअप आदल्या दिवशी शेणखत वाहून आलेला. तो मागे वळवेपर्यंत, हौद्यात गोणपाट टाकेपर्यंत शारदा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. समोर गोठा. गोठ्यात जीप.

तिला उचलून पिकअपमध्ये चढवलं तेव्हा तिने त्या ताडपत्रीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि मग गोरखकडे पाहिलं. दवाखाना आला तेव्हा ती गेलेली होती.

डॉक्टर म्हणाले, मोठा झटका होता, कशानेही आणली असती तरी हाती लागली नसती. गोरखने ते ऐकलं. पण त्याला दुसरंच काही खात होतं. किल्ली खिळ्याला टांगलेली होती, हाताच्या अंतरावर. बायको मरत असताना त्याचा हात किल्लीकडे गेलाच नाही. जीप ही चालायची वस्तू आहे हे त्याला त्या वेळी आठवलंच नाही. आणि शारदाला आठवलं होतं. ते तिच्या डोळ्यांत होतं.

तेराव्यानंतर गोरखने तिन्हीसांजेला ताडपत्री उचलून पाहिली. डावीकडची सीट दबलेली होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा मऊ खड्डा. आणि वास, मशेरीचा. शारदा सकाळी चुलीपुढे बसून मशेरी लावायची, त्या जळक्या तंबाखूचा. गोरखच्या अंगावर काटा आला. त्याने सीट थोपटून सरळ केली, ताडपत्री आवळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलली. पुन्हा खड्डा.

मांजर असेल, असं तुम्ही म्हणाल. त्यानेही म्हटलं. दोन दिवस त्याने पाळत ठेवली. मांजर आलं नाही. खड्डा येत राहिला.

तो घाबरला, हे खरं. पण भुताला नाही. शारदा जितेपणी त्याला कधी भीती वाटावी अशी बाई नव्हती, मेल्यावर कशाला वाटेल? तो घाबरला तिच्या त्या पाहण्याला. ताडपत्री उचलावी आणि ती तिथे ताट मांडीवर घेऊन बसलेली असावी, आणि तिने मान वळवून तसंच पाहावं, तर आपण काय तोंड दाखवायचं?

डोंगरवाडीवर कोंडिबा नावाचा म्हातारा देवऋषी होता. गोरख त्याच्याकडे गेला. कोंडिबाने सगळं ऐकलं, बराच वेळ विडी ओढली आणि म्हणाला, "अवसंला चिमूटभर खडंमीठ त्या जागंवर ठिव. सकाळी उचलून वाहत्या पान्यात सोड. आन तिचं काय ऱ्हायलंय ते बघ. मीठ निस्तं टेकू हाय, गोरख. खरं काम दुसरंच हाय."

गोरखने यातलं सोयीचं तेवढं घेतलं. अमावस्येला मीठ ठेवलं, चिमूटभर नाही, मूठभर. सकाळी उचललं नाही. काढलं आणि ती परत येऊन बसली तर? पुढच्या अमावस्येला जुन्या मिठावर नवं. सीटवर मावेना तेव्हा पायाशी. खड्डा दिसेनासा झाला, मशेरीचा वासही गेला. गोरखला वाटलं, निभावलं. ज्या माणसाने रंगावर पावसाचा थेंब पडू दिला नव्हता, त्याने आपल्या हाताने त्या जिपीत मीठ भरलं, आणि वरून ताडपत्री घट्ट आवळली. असे दोन-तीन पावसाळे गेले.

मुळशीच्या हवेत डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं. हे रोज भाजीत मीठ टाकणारी बाई सांगू शकली असती. पण ती नव्हती.

रूपाली शिकून पिरंगुटलाच एका कंपनीत लागली. गाडी चालवायला शिकली. दोनदा तिने विचारलं, "आबा, जीप नेऊ का कामावर?" दोनदा गोरख म्हणाला, "खराब व्हईल." तिने वाद घातला नाही. पावसात सहा आसनी रिक्षात कोंबून जात राहिली, आईसारखीच मान हलवून.

ती श्रावणातली अमावस्या. सुट्टी होती म्हणून रूपाली घरी होती. दिवे लागायच्या आधी गोरख मिठाची पिशवी घेऊन गोठ्यात शिरला आणि ती सरपणासाठी मागोमाग आली. तिला आजवर वाटायचं, आबा अमावस्येला गाडीची दृष्ट काढतात. आज तिने पाहिलं. उचललेली ताडपत्री, सीटवर पांढरा, ओला, गोठलेला ढीग, आणि त्यावर ओणवा झालेला बाप.

"आबा, हे काय हाय?"

गोरख दचकला. मग खरं तेच बोलला, कारण खोटं त्याला कधी जमलं नव्हतं. "तुझी आई येऊन बसती. ती बसू न्हाई म्हनून."

रूपालीचा आवाज आला तो बारीक होता, पण त्यात शारदाची धार होती. "जिती हुती तवा बसू दिलं न्हाई. आता मेल्यावर बी बसू देत न्हाई?"

गोरखच्या हातातली पिशवी तशीच खाली गेली. मीठ सांडलं. तो सावरायला म्हणून जिपीत एक पाय ठेवून चढला आणि पाय खाली गेला, थेट जमिनीपर्यंत. सीटच्या पुढचा सगळा तळ सडून गेला होता. वरून लाल रंग चकचकत होता आणि खाली भोक. गोरख एका पायाने जिपीत आणि एका पायाने गोठ्याच्या भुईवर, तसाच उभा राहिला आणि रडला. बायकोच्या तेराव्यालाही तो असा रडला नव्हता. रूपालीने त्याला धरून बाहेर काढलं, खरचटलेली नडगी पुसली, आणि मग बाप-लेक दोघांनी मिळून मीठ उपसलं. घमेली भरून ओढ्याला नेलं आणि वाहत्या पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी गोरख कामावर गेला नाही, रूपालीलाही जाऊ दिलं नाही. विश्राम मिस्त्रीला बोलावलं. नवी बॅटरी आली, तेल आलं, आणि बऱ्याच खोकण्यानंतर इंजिन लागलं. विश्राम म्हणाला, "नाना, तळाचा पत्रा पुन्यातनं आनावा लागंल. आठ दिवस थांबा. आभाळ बी लई आलंय."

"न्हाई," गोरख म्हणाला. "आजच."

रूपाली स्टिअरिंगमागे बसली. गोरख घरात गेला आणि जेवायचा पाट घेऊन आला, शारदा त्यावर बसायची तो. डावीकडच्या सीटपुढे, त्या भोकावर त्याने तो पाट आडवा टाकला, दोरीने पक्का बांधला, हाताने दाबून पाहिला. मग स्वतः मागे जाऊन बसला.

"आबा, फुडं बसा की."

"मागंच बरं हाय."

रूपालीने रिकाम्या सीटकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

पौड मागे पडलं तसा पाऊस लागला. डोक्यावर छप्पर नाही, अंगावर सरींचा मारा. खडे, चिखल, समोरच्या डंपरचं गढूळ पाणी, सगळं त्या लाल रंगावर येत होतं आणि गोरख ते पाहत होता. पाटाच्या कडेने खालचा रस्ता पळताना दिसत होता. मध्येच वारा फिरला आणि पुढून मशेरीचा वास आला. रूपालीलाही आला असावा, कारण तिने गाडी जराशी हळू केली. या वेळी गोरखला भीती वाटली नाही. लाज वाटली, आणि त्या लाजेखाली कुठेतरी बरंही वाटलं.

माल्यात सासूच्या दारात गाडी थांबली. सासू सारजाबाई, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांना मोतीबिंदू, डोक्यात कधी उजेड कधी अंधार. लेक गेल्याचं तिला सांगितलं होतं, पण ते तिच्यात कधी असायचं, कधी नसायचं.

"वाजीव," गोरख म्हणाला.

रूपालीने हॉर्न दाबला. सगळं माले दणाणलं. आतून म्हातारी भिंत धरत धरत बाहेर आली.

"कोन आलं गं बया?"

म्हातारी पावसात उतरली, चाचपडत जिपीपाशी आली आणि नेमकी डावीकडे वळली. तिचा हात सीटवर पडला, तिथेच फिरत राहिला.

"आलीस व्हय, शारदे? म्हनली व्हतीस, जिपीतनं यीन. भिजलीस की गं समदी."

रूपालीने तोंडावर ओढणी धरली. गोरख मागून उतरला, चिखलात सासूपुढे उभा राहिला. त्याला सांगायचं होतं की ती नाही आली, मी आणली नाही, किल्ली समोर होती. तोंडातून एवढंच आलं.

"आनली, मामी. जरा उशीर झाला."

म्हातारीने सीटवरचा हात काढला नाही. पांढरे डोळे त्याच्या आवाजाकडे वळवले आणि ती अगदी शुद्धीतल्या माणसासारखं म्हणाली, "लई उशीर केला तुमी, जावईबापू."

मग ती पुन्हा सीटकडे वळली. "चल गं शारदे, आत चल, च्या ठिवते," म्हणाली, आणि कुणाचा तरी हात धरल्यासारखी मूठ करून हळूहळू ओसरीकडे निघाली. गोरख आणि रूपाली तिच्या मागून गेले.

तेव्हापासून जीप रोज पिरंगुटला जाते. रूपाली चालवते, गोरख मागे बसतो, दारात जीप उघड्यावर उभी असते. ताडपत्री त्याने सरपणावर टाकली आहे.