मिसाल आपाचं पान

२०२३ साल. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि परतूरच्या मोंढ्याजवळच्या माझ्या गाळ्यात मिसाल आपा कॉम्प्युटरचा क्लास चालवत होती. स्वतः करून पाहिल्याशिवाय ही बाई कशावर विश्वास ठेवायची नाही. पत्रे गळत नाहीत असं मी गाळा देतानाच सांगितलं होतं. मालकाचा शब्द! तिनं शिडी लावली, वर बादलीभर पाणी ओतलं आणि खाली येऊन आढ्याकडं बघत बसली. गळलं नाही. गळलं असतं तरी मी कबूल केलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

क्लासात कुणी काही सांगू लागलं की ती म्हणायची, "मिसाल दे." म्हणजे उदाहरण. त्यावरून तिचं नाव पडलं. खरं नाव भाड्याच्या कागदावर होतं, ते कुणी घेतलं नाही.

मी चौथी शिकलेलो. तरी तिचं काम मला बराबर समजलं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, कॉम्प्युटर तो पाळतो. त्या सोयीला शेल म्हणतात. तिचा शेल कुणा एकाच्या मालकीचा नाही, जगभरातली माणसं मिळून फुकटात बनवतात. दर हुकमाचं एक पान असतं: हा काय करतो, कसा द्यायचा, आणि मिसाल. क्लास सुटला की आपा ती पानं मराठीत लिहीत बसायची. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चाचा, हुकूम आपण द्यायचा, तर तो आपल्याला समजाया नको का?" पटलं मला.

पण ती पानं तपासून घेणारे परदेशात. त्यांनी कळवलं की मराठी पानं वाचतो कोण? गरज दिसेल असं एक पान पाठवा, नाहीतर मराठीचा विभाग बंद करू. तिकडं आपाला नांदेडला नोकरी लागलेली, निघायचे दिवस जवळ आलेले. तिचं जेवणावरचं लक्षच उडालं.

तिनं क्रम लावायचा हुकूम निवडला. मिसाल मोंढ्याचीच: ज्वारी, सोयाबीन, तूर आणि पुढं भाव. स्वस्त माल वर, महाग खाली. मी शेजारी खुर्ची टाकून बसलेलो. ती आकडे इंग्रजी टाकू लागली तसा मी अडलो. पान मराठी तर आकडेबी मराठीच. तिनं समजावून पाहिलं. मी म्हणालो, गाळा कुणाचा? ती हसली. शेल असे आकडे घेणारच नाही, चाचा आपोआप गप बसतील, असं तिला वाटलं असावं. तिनं ज्वारी २५००, सोयाबीन ४५००, तूर १०००० असं टाकलं आणि हुकूम सोडला.

शेलनं बिनतक्रार घेतले. आणि तूर सगळ्यात वर! दहा हजाराची तूर ज्वारीपेक्षा स्वस्त!

मी म्हणालो, मशीन बिघडलं. आपा मात्र उठून उभीच राहिली. "बिघडलं न्हाई, चाचा. मराठी आकडा त्याला आकडा वाटून न्हाई राह्यला, अक्षर वाटून राह्यलाय. तो पहिलं अक्षर बघतो: एक आधी, मंग दोन, मंग चार. अन् चुकलं म्हणून सांगतबी न्हाई!"

मग बसली ती जेवणखाण विसरून. मराठी आकड्यांची आणि इंग्रजी आकड्यांची, दोन्ही मिसाली पानात घातल्या, खाली लिहिलं की मराठी माणूस आकडे असेच टाकणार आणि शेल गुपचूप उलटं उत्तर देणार, म्हणून इथं इंग्रजी आकडे वापरा. चूक मशीनचीच, हे मी तिलाही सांगितलं आणि आजही सांगतो. त्याला मराठी आकडे शिकायला काय झालं?

उत्तर आलं ते ती निघायच्या आदल्या दुपारी, भरल्या क्लासात. हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं, असं तपासणाऱ्यानं लिहिलं होतं. पान घेतलं, मराठी राहणार. आपा ओरडली नाही, नाचली नाही. नुसती तोंडावर ओढणी धरून हसत राहिली. मीच रस्त्यावर गेलो आणि दिसेल त्याला चहा पाजला. चहावाला म्हणाला, "आबा, नातू झाला का?" म्हटलं, त्याहून मोठं झालं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तिनं गाळ्याची किल्ली दिली. जुना कॉम्प्युटर मुद्दाम मागं ठेवला होता. "पानं लई रिकामी पडलीत, चाचा," एवढंच म्हणाली. गाडी हलली. मी हात केला नाही, चष्मा पुसत होतो.

त्याच्या पुढच्या सकाळी आंघोळ उरकून गाळ्यावर गेलो. मोबाईलमुळं मराठी अक्षरं मला सापडतात. तारीख सांगणारा हुकूम निवडला, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिला, आणि दुपारपर्यंत एक ओळ लिहिली: हा हुकूम आजची तारीख सांगतो.