मिरचीला खळ

आमच्या घरात जेवताना नाकाला पाणी आलं नाही, तर भाजी बिघडली असं समजतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच जेवणाला ढसाढसा रडले होते. पाहुण्या बायकांना वाटलं, पोरीला माहेर आठवलं. त्यांनी माझं भारी कौतुक केलं आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

अशा घरातल्या माझ्या सासऱ्यांना मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिखट बंद केलं. धंतोलीच्या एका दवाखान्यात त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर तपासायला या, मग बघू. सासऱ्यांनी त्यातलं 'दिवाळीनंतर' तेवढं ऐकलं. पण तोवर फिकं वरण आणि मऊ भात. ते ताटाकडे बघायचे आणि मुकाट्याने जेवायचे. सासूबाईही तेच फिकं वरण वाढून घ्यायच्या आणि 'माझंही पोट हल्ली बरं नसतं' असं सांगायच्या. त्यांचं पोट ठणठणीत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

सासरे दिवसभर खुर्चीत बसून राहू लागले. टीव्ही चालू असायचा, पण ते बघत नसायचे. मला खरंच भीती वाटायला लागली होती. तेवढ्यात त्यांच्या भिवापूरच्या साडूंनी तब्येतीची चौकशी करायला येताना तिथल्या नावाजलेल्या मिरचीचं बी आणलं. आजारी माणसाकडे लोक मोसंबी नेतात, हे गृहस्थ मिरचीचं बी घेऊन आले! सासूबाई पाहुण्यांवर बऱ्याच रागावल्या. सासरे मात्र दुसऱ्याच दिवशी कठडा धरून गच्चीवर गेले. रंगाच्या जुन्या बादल्यांत माती भरून घेतली, रोपं केली आणि जाहीर करून टाकलं की दिवाळीनंतर खाईन ती पहिली मिरची माझ्या हातची. त्या दिवसापासून ते सकाळ-संध्याकाळ जिना चढायला लागले. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं त्यांनी कधी केलं नव्हतं, ते मिरचीने करून घेतलं.

पाऊस ओसरला, झाडांना कळ्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग मावा आला. पानाखाली बारीक हिरव्या किड्यांचे पुंजकेच्या पुंजके, पानं चिकट आणि आत वळलेली. शेजारच्या काकांनी लगेच औषधाची बाटली आणून दिली. एक फवारा मारा, सगळं साफ, म्हणाले. सासूबाईंनी ती बाटली जिन्यातूनच परत पाठवली. ज्या पोटाचे टाके आत्ता कुठे सुकलेत, त्यात जहर जाऊ देणार नाही, आणि गच्चीवर माझे पापड-कुरड्या वाळतात, चिमण्या पाणी प्यायला येतात, तिथं असलं काही चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बिनजहराचं काही जमत असेल तर करा, नाहीतर झाडं उपटून टाका.

मग मी पुढे झाले. मोबाइलवर वाचून कडुनिंबाचा पाला उकळला, पण घाईत घरच्याच कुकरमध्ये. मावा थोडा कमी झाला, हे कबूल. पण पुढे कितीतरी दिवस आमच्या घरचा भात कडू लागत होता. नवरा म्हणाला, मावा मरेल की नाही माहीत नाही, आपण नक्की मरू. मी चिडून त्या झाडांचा नादच सोडला.

एका सकाळी सासरे स्वयंपाकघरात आले आणि तांदळाचं पीठ मागितलं. ते मूळचे उमरेडकडचे विणकर. तरुणपणी हातमागावर लुगडी विणायचे, माग बंद पडल्यावर आयुष्यभर कापडाच्या दुकानात नोकरी केली. मागावर चढवण्याआधी सुताला शिजवलेल्या पिठाची खळ लावतात, म्हणजे सूत तुटत नाही. खळीत एखादी माशी बसली की जागची हलत नसे, हे त्यांना आठवलं होतं. त्यांनी पीठ शिजवलं, त्यात सवयीने थोडं तेल सोडलं, रंगाचा एक जुना कुंचा शोधला आणि वर जाऊन एकेका झाडाला खळ लावली. मी कपडे वाळत घालायला गेले तर गडी गुणगुणत होता. सासऱ्यांना गडी म्हणू नये, पण त्या दिवशी ते तसेच दिसत होते.

संध्याकाळपर्यंत सगळा मावा जागच्या जागी चिकटून मेला. आम्ही वर जाऊन कौतुक केलं. पण त्यांनी खळ लावली होती सुताची, तीही जाड्या सुताची. पानं नव्या कोऱ्या धोतरासारखी ताठ झाली, कळ्या चिकटून बंद पडल्या आणि दुसऱ्या दिवशी पिठाच्या वासाने मुंग्यांची रांग लागली. कळ्या गळायला लागल्या. सासरे बादलीशेजारी उकिडवे बसून गळलेल्या कळ्या वेचत होते. दिवाळी काही फार लांब नव्हती.

सासूबाई पापडाचं ताट ठेवायला आल्या होत्या. त्यांनी झाडाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"लुगडं नोहे ते, झाड होय," त्या म्हणाल्या. "त्याले श्वास नाही घ्या लागत काय?"

ते कळ्या वेचतच राहिले. मग सासूबाई स्वतःच त्यांच्याजवळ बसल्या आणि फडकं भिजवून एकेक पान पुसू लागल्या. रेशमाला कशी पातळ खळ लावायचे तुम्ही, असं पुसता पुसता विचारू लागल्या. लग्न झाल्यावर त्याही मागावर बसत, सुताच्या कांड्या भरून देत. दोघांचं ते बोलणं मला निम्मंही कळत नव्हतं. मी दोरीवरचे कपडे काढून खाली आले.

पुढची खळ पेजेसारखी पातळ झाली. तेल नाही. आणि लावायची ती पानाच्या खालून, ऊन चढायच्या आत, कळ्यांना हात न लावता. आपल्याकडे ऊन काय, ऑक्टोबरातही अंगात आल्यासारखं तापतं. दुपारपर्यंत खळ वाळून तिचे पापुद्रे सुटत आणि माव्यासकट खाली पडत. संध्याकाळी सासरे पाण्याने झाडं धुऊन काढत. मुंग्यांसाठी बादल्यांभोवती सासूबाईंनी राख टाकली. हळूहळू पाठीवर काळे ठिपके असलेले लाल भुंगे यायला लागले. ते उरलासुरला मावा खातात, हे सासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि भुंगे दिसले त्या झाडाला खळ लावणं बंद केलं. आता ते जेवताना भुंग्यांबद्दल बोलत. टीव्हीचा रिमोट माझ्या मुलीच्या ताब्यात गेला.

नव्या कळ्या आल्या, टिकल्या. दिवाळीत झाडांवर आखूड, जाड मिरच्या लालबुंद झाल्या होत्या. सासऱ्यांनी एकीलाही हात लावू दिला नाही.

दिवाळीनंतर मी आणि नवरा त्यांना धंतोलीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, प्रकृती छान सुधारली म्हणाले, चालणं चांगलं ठेवलंत म्हणाले. सासऱ्यांनी मिरचीचं विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, तिखट अजून काही महिने तरी नको.  मला त्या डॉक्टरांचा मनापासून राग आला होता, त्यांची काहीही चूक नसताना.

घरी आल्यावर सासरे सरळ गच्चीवर गेले. खाली आले ते ओंजळभर मिरच्या घेऊन. खलबत्ता काढला, लसूण-मीठ घालून स्वतः ठेचा कुटला, शिंकत शिंकत. सासूबाईंना भाकरी टाकायला सांगितल्या. जेवायला बसलो तेव्हा त्यांनी आपल्या हाताने प्रत्येकाच्या ताटात ठेचा वाढला. सासूबाईंच्या ताटातलं फिकं वरण उचलून त्यांनी स्वतःच्या ताटात ओतून घेतलं. सासूबाई नको नको म्हणत होत्या. शेवटी त्यांनी घास घेतला आणि सासरे पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसं लागून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंना बोलता येईना. डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "जीव घेते तुमची मिरची," त्या कशाबशा म्हणाल्या.

सासरे हसायला लागले. टाक्यांच्या जागेवर हात दाबून धरून हसत राहिले. ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी ठेच्याची वाटी सासूबाईंकडे सरकवली आणि आपल्या फिक्या वरणात भाकर कुस्करली.

"आणखी घे वं," ते म्हणाले. "माह्या वाट्याचं बी खा."