हीटरची खोली

माझ्या सासूबाई चिपळूणहून लखनऊला आल्या त्या ऐन डिसेंबरअखेर, म्हणजे शहाण्या माणसाने येऊ नये अशा वेळी. थंडी म्हणून त्यांनी आजवर जे काही पाहिलं होतं, त्याला लखनऊच्या आमच्या इंदिरानगरमध्ये कुणी पंखासुद्धा बंद केला नसता. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याची कानटोपी डोक्यावर चढवली, आमच्या खोलीत हीटरसमोर बैठक मारली आणि तिथून हलायचं नाव काढलं नाही.

हीटर एकच होता. भाड्याच्या घराचं वायरिंग असं, की दुसरा लावला की आमच्याबरोबर वरच्या घरमालकांचीही वीज जायची आणि जिन्यातून "भैया, फिर से?" असा आवाज यायचा. त्यामुळे वाटणी झाली. पलंगावर सासूबाई आणि मी, खाली गादीवर त्यांचे चिरंजीव.

एरवी मला हे आवडलंही असतं, कारण बाई गप्पिष्ट आहेत. पण नेमक्या त्या महिन्यात माझ्या गोळ्या चालू होत्या. माझी पाळी मनाला येईल तेव्हा यायची, कारण मुळात स्त्रीबीजच वेळेवर तयार होत नव्हतं. ते तयार व्हावं म्हणून पाळीच्या सुरुवातीला गोळ्या घ्यायच्या आणि मग सोनोग्राफीत ते किती वाढलंय ते बघायचं, असा हा उपचार. आधीचे दोन महिने ते वाढलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला आणि सांगितलं, की या वेळी नाही जमलं तर गोळ्या सोडून इंजेक्शनांकडे वळू. मला मूल हवं होतं, फार हवं होतं, आणि ते बोलून दाखवायची लाज वाटायची. सासूबाईंना तर मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चिपळूणच्या बाजारात पोचते.

दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आम्ही बायका रांगेत बसायचो. आतून कुणी बाहेर आली की बाकीच्या विचारायच्या, "कितना हुआ?" बारावीचा निकाल लागल्यासारखं वातावरण. मी दोन महिने नापासांच्या बाकावर होते. त्या दिवशी मात्र डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. "मुबारक हो, अंडा तैयार है," त्या म्हणाल्या. मग ते बीज सुटावं म्हणून एकच इंजेक्शन दिलं आणि आज-उद्या नवऱ्याबरोबर राहा, असं बजावलं. बाहेर येऊन मी निकाल सांगितला तर अनोळखी बायकांनी माझी पाठ थोपटली. ई-रिक्षात मी एकटीच हसत होते. मुन्शीपुलियाच्या चौकात मला घरचा पलंग आठवला आणि हसू मावळलं.

नवऱ्याला फोन केला. तो बँकेत मोठमोठी कर्जं मंजूर करतो, पण आईसमोर त्याची बोबडी वळते. घरी येऊन त्याने आईला सांगितलं, की मी हल्ली फार घोरतो, तुझी झोपमोड होईल. त्या म्हणाल्या, पाळण्यात होतास तेव्हापासून ऐकतेय. मग त्याने दुसऱ्या खोलीत माझ्या हेअर ड्रायरने गादी गरम करून दाखवली. वीज गेली. घरमालक ओरडले. सासूबाईंनी रजई आणखी वर ओढून घेतली.

माझं डोकं सटकलं. दोन महिने नापास होऊन मी पास झाले होते आणि हा माणूस ड्रायर घेऊन उभा होता. मी हातातली परात ओट्यावर आदळली आणि खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. गोळ्या, सोनोग्राफी, आज आणि उद्या. शेवटी म्हणाले, "आई, तुम्ही दोन दिवस पलीकडे झोपा." एवढं बोलून मला रडूच आलं.

त्यांनी पायांवरची रजई बाजूला सारली. मग म्हणाल्या, "हा झाला तेव्हा माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. घरात अकरा माणसं. वांझ म्हणायला सगळे होते, खोली कुणी दिली नाही."

त्या उठल्या, रजई काखोटीला मारली आणि निघाल्या. मी हीटरचा प्लग काढायला लागले तर माझ्या हातावर चापट बसली. सकाळी बघते तर दोन स्वेटर, शाल, कानटोपी आणि नवऱ्याचे बुटांत घालायचे मोजे अशा थाटात त्या चहा करत होत्या. शिंका येत होत्या, पण बाईंनी एक अक्षर विचारलं नाही.

त्या महिन्यात दिवस राहिले नाहीत. मी दोन दिवस तोंड पाडून बसले. सासूबाईंनी परतीचं तिकीट रद्द करायला लावलं. पुढच्या महिन्यात दवाखान्यातून आले तर दारातच त्यांनी "पास?" असं विचारलं आणि मी मान हलवताच आपलं अंथरूण गोळा करायला गेल्या.

आमची लेक आता तीन वर्षांची आहे आणि आजीशी फोनवर हिंदीत भांडते. गेल्या आठवड्यात सासूबाई आमच्याकडेच होत्या. चिपळूणहून त्यांच्या पुतणसुनेचा फोन आला. लग्नाला पाच वर्षं झालीत, घरात सगळे बोलतात, असं काहीसं ती सांगत असावी. सासूबाईंनी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रडू नको. गोळ्या असतात त्याला. आमच्या सुनेने घेतल्या, त्यात लाजायचं काय? उद्या डॉक्टरकडे जा. आणि फोन तुझ्या सासूकडे दे, तिला मी सांगते कुठे झोपायचं ते."