कोऱ्या पानावरची माझी सही

"लोकप्रशासन घेतलंय" असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे कलेक्टर व्हायचं का?" पहिल्या वर्षी मी हसून मान डोलवायचे. दुसऱ्या वर्षी हसणं बंद झालं, मान तेवढी हलायची. तिसऱ्या वर्षी वाटायला लागलं, असं विचारणाऱ्याच्या हातात आमच्या गावच्या ग्रामसभेचं रजिस्टर द्यावं आणि म्हणावं, आधी हे वाच, मग कलेक्टरचं बघू.

आमचं गाव कन्नड तालुक्यातलं, पिशोरच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. मी शहरात उस्मानपुऱ्यात दोन मुलींबरोबर खोली करून राहायचे आणि पायीच कॉलेजला जायचे. वर्गात पटावर पुष्कळ जण होते, बाकावर आठ-नऊ. सर वाईट नव्हते, हे आधीच सांगते. पण त्यांचा एकच धंदा होता: उतरवून घ्या. विकेंद्रीकरणाचे फायदे उतरवून घ्या, तोटे उतरवून घ्या. फायदे नेहमी तोट्यांपेक्षा एकाने जास्त असायचे. मी एकदा विचारलं, "सर, असं का?" सर म्हणाले, "पेपरात तसंच येतं." आणि पुढचा मुद्दा सांगायला लागले.

तरी पहिल्या वर्षी मी भारावलेली होते. खोटं कशाला बोलू? ग्रामसभेचा धडा शिकवला तेव्हा मला खरंच वाटलं की हे आपल्याच घराबद्दल आहे. गावातल्या प्रत्येक मतदाराला बोलायचा हक्क, ग्रामसभेच्या ठरावाला वजन, सगळं कायद्यात लिहिलेलं. त्याच आठवड्यात मी गावी जाऊन ग्रामपंचायतीला अर्ज दिला. आमच्या वस्तीत मुलींना अभ्यासाला जागा नाही, बुद्धविहाराशेजारच्या मोकळ्या जागेत अभ्यासिका बांधावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्का मारून, सहीनिशी. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही, हे मात्र सरांनी उतरवून न देता, मनापासून शिकवलं होतं.

हा अर्ज माझ्यासाठी नव्हता. मी तर सुटले होते. धाकटी बहीण गावात शिकत होती, स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाट मांडून. वर कुकरची शिट्टी, खाली हिचं रसायनशास्त्र. तिला बारावीपर्यंत बसायला एक खोली मिळावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

पप्पांनी काय केलं असेल? ती पोच घेऊन ते कामानिमित्त शहरात आले तेव्हा औरंगपुऱ्यात गेले आणि तिला लॅमिनेशन करून आणलं. पप्पा गवंडीकाम करतात, चौथी शिकलेत. लॅमिनेशन केलेली पोच त्यांनी भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "पोरीनं सरकारला लिहिलं. शिक्का हाय, बघा." मला लाज वाटायची आणि आतून बरंही वाटायचं.

शिक्का होता, अभ्यासिका नव्हती. दोन वर्षं मी सुट्टीत गावी गेले की ग्रामपंचायतीत डोकवायचे. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब म्हणायचे, "प्रस्ताव गेलाय." कुठे गेला ते सांगायचे नाहीत. मग एकदा म्हणाले, "मंजूर झाली की तुमची अभ्यासिका!" मी पेढेच वाटायचे बाकी ठेवले.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला. सर विषय निवडा म्हणाले, मी 'ग्रामसभेतील लोकसहभाग' घेतला आणि आमचंच गाव घेतलं. भाऊसाहेबांनी रजिस्टर काढून दिलं, कुरकुर न करता. इतकं रीतसर काम, की मला संशय यायला हवा होता. पंधरा ऑगस्टच्या सभेचं पान उघडलं. उपस्थितांच्या सह्या पानभर. वर ठराव: वस्तीतली जागा गैरसोयीची असल्याने मंजूर अभ्यासिका बाजारातल्या गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर बांधण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.

बाजारातले गाळे म्हणजे पानटपरी, मोबाइलचं दुकान आणि दिवसभर गाड्यांवर बसलेली टोळकी. संध्याकाळी आमच्या वस्तीतली एकही मुलगी तिकडे वह्या घेऊन जाणार नाही आणि कुणाचे आईबाप पाठवणार नाहीत. हे माहीत नसणारा माणूस गावात नाही. मग सर्वानुमते म्हणजे कुणाकुणाच्या मते, म्हणून मी सह्या वाचत खाली आले, तर एकोणतिसाव्या ओळीत माझं नाव. पुढे सही.

त्या पंधरा ऑगस्टला मी शहरात कॉलेजच्या मैदानावर झेंडावंदनाला उभी होते. हजेरी सक्तीची होती, तिथेही रजिस्टरवर सही केली होती. म्हणजे सरकारी कागदानुसार मी एकाच सकाळी दोन ठिकाणी देशभक्ती करत होते.

सही कुणाची ते ओळखायला मला वेळ लागला नाही. नावाखाली सरळ रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. अशी सही आमच्या घरात एकच माणूस करतो. सत्ताविसाव्या ओळीत पप्पा, अठ्ठाविसाव्या ओळीत मम्मी, एकोणतिसाव्यात मी. तिघांच्याही नावांखाली रेघ आणि दोन टिंबं.

मी भाऊसाहेबांना म्हटलं, "हा ठराव चुकीचा आहे. मला तक्रार करायचीय."

"कर ना. तालुक्याला बीडीओसाहेबांकडं कर," ते म्हणाले. "पण बाई, खाली तुझीच सही हाय."

"ती मी केलेली नाही."

"मंग कुणी केली? ते बी लिही अर्जात."

ते हे चिडवत बोलले नव्हते. साध्या आवाजात बोलले होते, त्याचाच मला जास्त राग आला.

घरी आले तेव्हा पप्पा दारापुढच्या ओट्यावर बसून थापी धूत होते. मी लांबूनच सुरू केलं. "पप्पा, ग्रामसभेच्या रजिस्टरवर माझी सही तुम्ही केली?"

"व्हय," पप्पा म्हणाले. एकदम सरळ. "शिपाईमामा आले व्हते ना घरी. ते येतातच दर टायमाला."

मग सगळी रीत कळली. सभेच्या दिवशी सभेला माणसं येत नाहीत, कामाला जातात. मग ग्रामपंचायतीचे शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतात. घरात जो असेल तो घरातल्या सगळ्या मतदारांच्या सह्या करतो. वरचं पान तेव्हा कोरं असतं. सह्या भरल्या की भाऊसाहेब वर ठराव लिहितात. ही रीत गावात सगळ्यांना माहीत होती. माहीत नव्हती ती लोकप्रशासनाच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला.

"पण तुम्ही वाचलं का नाही?" मी ओरडले.

"काय वाचू? पान कोरं व्हतं."

"कोऱ्या पानावर सही करतात का कुणी?"

पप्पांनी थापी खाली ठेवली. "माझा बाप अंगठा द्यायचा," ते म्हणाले. "शिपाई त्याचा अंगठा धरून शाईत बुडवायचा, जनावराला डाग दिल्यावानी. मी ठरवलं व्हतं, आपल्या घरात आता कोणी अंगठा देणार नाय. मामा म्हणले, तुमच्या घरात सगळे सहीवाले, करा. म्हणून केल्या. तुझी लई नीट केली, बघितली का?"

बघितली होती. तिन्हींमध्ये माझीच सही जास्त जपून काढलेली होती. यावर काय बोलायचं असतं, ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी आत जाऊन पाणी प्यायले. भिंतीवर पोच चकाकत होती. पाटावर बहीण वाचण्याचं सोंग करत होती, म्हणजे सगळं ऐकत होती.

शहरात परतल्यावर मी प्रकल्पात सगळं लिहिलं. घरोघर फिरणारं रजिस्टर, कोरं पान, नंतरचा ठराव. सर वाचत होते तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी दोनदा वाचलं. मग दार लोटून घेतलं.

"खरंय हे," सर म्हणाले. "आमच्या गावातही असंच आहे."

मला वाटलं, आता काहीतरी होणार.

"पण बेटा, हे काढून टाक. तुझी खोटी सही तुझ्या वडिलांनी केली, हे तू तुझ्या हाताने लिहून देतीयेस. उद्या कुणी कागद पुढे केला तर कोण अडकेल? भाऊसाहेब? नाही. तुझे वडील. निष्कर्षात लिही, सहभाग समाधानकारक, जनजागृतीची आवश्यकता."

मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं. पण ते बरोबर बोलत होते, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडायची ताकद माझ्यात त्या दिवशी नव्हती. खोलीवर येऊन मी ती पानं काढली आणि 'समाधानकारक' लिहिलं. तो शब्द सुबक अक्षरात लिहिला. त्याचीच चीड अजून जात नाही.

एक गोष्ट मात्र मी ठरवली. सव्वीस जानेवारीला कॉलेजचं झेंडावंदन बुडवलं आणि गावी गेले. ग्रामसभेला स्वतः बसायचं, आक्षेप नोंदवायचा. ग्रामपंचायतीसमोर सतरंजी टाकलेली, सतरंजीवर मोजून अकरा माणसं, त्यात पाच सदस्य. पप्पा माझ्याबरोबर आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बोलले. वस्तीतल्या मुली बाजारात जाऊ शकणार नाहीत, ठराव बदला. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हजेरीची सही करा, आक्षेप लिहून घेतो."

रजिस्टर पुढे आलं. माझं नाव होतं. पुढे सही झालेली होती. खाली रेघ, दोन टिंबं.

मी पप्पांकडे बघितलं. ते हसत होते. "सकाळीच मामा आले व्हते. तू अंघोळीला व्हती. बोलायच्या गडबडीत इसरशील म्हणून मीच करून टाकली."

मी पेन घेतलं आणि सगळ्यांदेखत ती सही खोडली. एकदा नाही, दोनदा, कागद फाटेल इतकी. बाजूला माझी सही केली, जी मला बँकेत करायची सवय होती, वेडीवाकडी. कुणीतरी हसलं. पप्पा हसले नाहीत. सभा संपायच्या आधीच ते उठून घरी गेले, आणि दोन दिवस माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलले नाहीत. त्यांच्या बापाचा अंगठा पुसणारी सही त्यांच्याच पोरीने गावासमोर खोडली होती, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी मी खोडली. आणि खोडायलाच हवी होती, असं मला आजही वाटतं. दोन्हींचा त्रास सारखाच होतो.

आक्षेपाचं काय झालं? रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, "नोंद घेण्यात आली." हे तीन शब्द मला आता पाठ आहेत. नोंद घेतली म्हणजे काम संपलं, असा त्यांचा अर्थ आहे. अभ्यासिका गाळ्यांवर बांधून झाली. तिला हिरवा रंग दिलाय. दुपारी तिथे पत्ते चालतात. बहिणीने बारावीचा अभ्यास पाटावर बसूनच केला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी मला विचारलं, "ग्रामसभेची गणपूर्ती किती?" मी सांगितलं, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी कमी ती. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड." प्रकल्पाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण माझे होते.

मागच्या महिन्यात सकाळी पप्पांचा फोन आला. मी बसस्टॉपवर होते, गोंगाट होता.

"मामा आलेत रजिस्टर घेऊन," पप्पा म्हणाले. "माझी आन् मम्मीची झाली. तुझी नाय केली, तुझी जागा सोडलीय. बरोबर ना?"

आवाजात अभिमान होता, शेवटी आपल्याला नियम कळला याचा. मी म्हटलं, "बरोबर आहे, पप्पा." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "आणि वर काय लिहिलंय?"

"वर?" पप्पा म्हणाले. फोनवर पान उलटल्याचा आवाज आला. "वर काय नाय. पान कोरंच हाय की."