तिसरी टीप

आख्ख्या चेन्नईत मला भाव करताना हरवणारी बाई एकच: आमच्या दुकानाच्या जिन्याखाली शिलाई मशीन घेऊन बसणारी अक्का. मी साताऱ्याहून इथे आले ती दोन बॅगा आणि एक तापट डोकं घेऊन. वेस्ट मांबलममध्ये अस्तर, फॉल आणि ब्लाउजपीसचं दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. फोनवर माझा आवाज ऐकला की ठोक व्यापारी आधी उसासा टाकतात. अक्कापुढे मात्र माझी मात्रा कधी चालली नाही. एका ब्लाउजवरून तिच्यावर धरलेला राग तर मी अजून सोडलेला नाही.

अक्काचं घराणं तंजावरचं. तिच्या मराठीत तमिळ इतकं मुरलंय की पहिल्या दिवशी मला वाटलं, ही भांडायलाच आलीय. ती बिचारी ‘जेवलीस का’ विचारत होती. मापं ती कधी लिहून ठेवत नसे. गल्लीतल्या प्रत्येक बाईची छाती-कंबर तिला तोंडपाठ. टेप गळ्यात कायम, देवळातसुद्धा. नमस्कार-चमत्काराऐवजी ती दंड चाचपायची. एका बँकवाल्या बाईंना तिने भर दुकानात सांगितलं, “दिवाळीपासून दीड इंच सुखात आहेस गे.” त्या बाई पुढे महिनाभर आल्या नाहीत. वजनकाट्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. “पाणी प्यालीस तरी तो वर जातो. टेपला माणूस कळतं.”

तीन वर्षांपूर्वी माझी पाळी चार-चार महिने गायब होऊ लागली. सोनोग्राफीत पीसीओएस निघालं. एका दवाखान्यात माझ्या हातात छापील कागद ठेवला, सगळ्यांना देतात तोच: भात कमी, गोड बंद, वजन उतरवा. माझं वजन तेव्हा सेहेचाळीस किलो. देणाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मीही पडले व्यापारी. कागदावर लिहिलंय तेवढा माल पोचवायचाच. भात सोडला, मग रात्रीचं जेवणही. ओळखीच्या बायका म्हणायच्या, “तुला कसलं आलंय डाएट, चवळीची शेंग तू!” उपाशी पोटी हे ऐकून जो संताप यायचा, तो मी ठोक व्यापाऱ्यांवर काढायची. पाळी काही येत नव्हती, केस मात्र फणीत येत होते.

माझा एक जांभळा रेशमी ब्लाउज होता, अक्कानेच शिवलेला. तो सैल झाला म्हणून तिने बाजूने टीप मारून दिली. दोन महिन्यांनी दुसरी टीप मारली, तेव्हा नुसतं रोखून पाहिलं. भावाच्या लग्नाआधी मी तिसऱ्यांदा गेले. टेप माझ्याभोवती फिरवून तिने ब्लाउज माझ्या हातात परत ठेवला.

“नाही मारणार.”

“अक्का, परवा गाडी आहे माझी!”

“असू दे की.”

“हवी तेवढी शिलाई घे.”

“ब्लाउज बरोबर आहे. तू चुकतेस. असंच चाललं तर उद्या बाहुलीचं माप घेऊ काय तुझं?”

चार गिऱ्हाइकं हसली. मी तो ब्लाउज सेफ्टीपिना लावून घातला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझा एक हात कमरेवर आहे, पिना लपवायला. हे मी विसरणार नाही.

लग्नाहून परतल्यावर अकरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. बाराव्या दिवशी ती पिशवी घेऊन दुकानाच्या दारात उभी. “चल, एग्मोरला. डॉक्टरकडे.” लोकलमध्ये तिने माझं मनगट सोडलं नाही. तिकडच्या डॉक्टरबाईंनी आधी मी काय खाते ते विचारलं, आणि उत्तर ऐकता ऐकता पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बारीक बायकांनाही हे होतं, तुम्हाला वजन उतरवायचंच नाहीये. वेळेवर जेवा, दर जेवणात डाळ, कडधान्य किंवा अंडं असू दे, भाजी भरपूर, आणि अंगात ताकद येईल असा व्यायाम करा. औषधंही लिहून दिली. मी पर्स उचलली, तर अक्का खुर्चीतून उठेना.

“भात किती?”

“एक वाटी.”

“तुमची वाटी की माझी?”

तेव्हापासून रोज अकरा वाजता अक्का चण्याच्या सुंडलचा, म्हणजे खोबरं घातलेल्या कोरड्या उसळीचा, डबा घेऊन वर यायची. “दोन मुठी.” “एक.” “दीड. पण मूठ माझी.” चाळीस वर्षं कात्री चालवलेली ती मूठ माझ्या दोन मुठींएवढी भरायची, आणि हे मला करार झाल्यावर कळलं. असा फसवणुकीचा सौदा माझ्याशी दुसऱ्या कुणी केला असता तर त्याला मी दुकानाची पायरी चढू दिली नसती.

पाच महिन्यांनी पाळी आली. औषधाने, जेवणाने की नुसत्या धाकाने, कोण जाणे. पण तेव्हापासून बरीचशी वेळेवर येते. पहिल्यांदा सांगितलं ते अक्काला. तिने मशीनवरचा पायसुद्धा थांबवला नाही. “सरी, बरं. आज जास्त जेव.” मात्र त्या दिवशी तिने एक बाही उलटी जोडली.

गेल्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले आणि लेक तिला तंजावरला घेऊन गेली. जिन्याखालच्या मशीनवर मी अस्तराचं कापड घालून ठेवलंय. दर शुक्रवारी फोन येतो, प्रश्न एकच. मागच्या शुक्रवारीही तोच.

“तो जांभळा बसतो काय गे?”

“बसतो. पिना लागत नाहीत.”

“काखेत?”

“जरा घट्ट होतोय, अक्का.”

मग म्हणाली, “घेऊन ये. दोन्ही टिपा उसवून देते.”

त्या हातांना आता सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. तरी मी तिकीट काढलंय. टिपा आम्ही दोघी मिळून उसवू. सुंडल समोर आलं की एकदा ‘एक मूठ’ म्हणून भाव करून बघीन. नाहीतर तिला वाटायचं, पोरीला बरं नाही.