राहून गेलेला ढावलो

शिजत्या हळदीचा वास ओल्या मातीसारखा असतो. पण हिंगोलीच्या बाजारात पोत्यांतून झिरपणारा तिचा वास कोरडा, उन्हात वाळलेला. माझ्या भावाच्या, अनिलच्या अल्बमचे नाव कोणी काढले की मला आधी हा कोरडा वास येतो आणि सूर मागाहून. ज्या खोलीत तो अल्बम घडला ती एका हळदीच्या गोदामावर होती. दुपारच्या तिरिपेत तिथे पिवळी धूळ तरंगत राही, आणि वाटे, इथून निघणारा आवाजही थोडा पिवळाच होऊन निघत असेल. कोणत्याही कंपनीच्या दारात न थांबता अनिलने त्या खोलीचाच स्टुडिओ केला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना कापसाच्या गाद्या लावल्या. त्या भरून देणारे हमीदचाचा गालात हसत म्हणाले, "आजवर माणसं निजवायला गाद्या केल्या बेटा. तू तं गाद्यायलाच उभं करून राहिला."

आज पुण्या-मुंबईचे जाणकार त्या अल्बमवर भरभरून लिहितात. मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. पुसेगावजवळच्या आमच्या बंजारा तांड्यातली पहिली पदवीधर मी, आणि इतक्या दूरवर ऐकला गेलेला पहिला माझा भाऊ. मात्र ज्या गाण्याची सर्वांत जास्त वाखाणणी होते, ते होणारच नव्हते.

ते गाणे म्हणजे ढावलो. आमच्यात सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून, ज्याचे त्याचे उपकार आठवत, सुरात रडते. ते रडणे म्हणजे ढावलो. ते आपोआप येत नाही, लग्नाआधी थोरल्या बाया नवरीला शिकवतात. अनिलला तो अल्बमच्या शेवटी हवा होता, आणि आमच्या आईइतका, आमच्या याडीइतका, तो कोणाला येत नव्हता. पण ती ऐकेना.

"ढावलो काय नुसतं गाणं हाय व्हय? घरातून पोरगी निघाली तं म्हणायचा. आपल्या घरातून कोण चाललं?"

"बाई गेली न्हवं," अनिल माझ्याकडे बोट करून म्हणाला.

"ती कुठं गेली? ती तं बाळापूरला नौकरीला हाय."

आम्ही दोघे हसलो, पण मी खरेच गेले होते. वर्गातल्या, परजातीतल्या मुलाशी मी नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि आखाडा बाळापूरला संसार मांडला. याडी रागावली नाही, भांडली नाही. तिने फक्त माझे जाणे मोजले नाही. कोणी विचारले की सांगायची, पोरगी नोकरीला आहे. सुट्टीत मी घरी आले की काल सांजेलाच इथे होते अशा थाटात हातात खराटा द्यायची. तिच्या लेखी माझी पाठवणी अजून व्हायची होती, आणि ती होऊ नये म्हणूनच की काय, ढावलो तिने मुठीत धरून ठेवला होता.

अनिलने नाद सोडला. तिच्याशेजारी शेंगा फोडत बसले असता मीच शेवटी म्हणाले, "याडी, तांड्यातल्या समद्या पोरींला ढावलो येतो. मलाच कोणी शिकवला न्हाई."

"तुला बीए झाल्यावर शिकवायचं काय राहिलं व्हतं?" ती म्हणाली. तिने आणखी मूठभर शेंगा फोडल्या. मग मान वर न करता तिने पहिली ओळ म्हटली, आणि माझ्यासाठी थांबली.

स्टुडिओत अनिलने मला माइकसमोर उभे केले, तर याडीने माइकच बाजूला सारला. "गळ्यात पडल्याबगर ढावलो येत न्हाई." मग त्याने तो तिच्या पाठीमागे टांगला आणि मी तिच्या खांद्यावर तोंड ठेवून गायले. बापाचे उपकार म्हटले, भावाचे म्हटले, गोठ्यातल्या बैलांचेही म्हटले. आईची ओळ आली आणि शब्दच सुचेना. तिच्या लुगड्याला चुलीत जळणाऱ्या कापसाच्या पऱ्हाटीच्या धुराचा वास होता, तो तेवढा नाकात राहिला. तेव्हा तिने माझ्या कानात पुढचे शब्द कुजबुजले. अनिलने ते तसेच ठेवले. एका समीक्षकाने लिहिले की त्या कुजबुजीत पिढ्यांचा आवाज आहे. वाचून दाखवल्यावर याडी म्हणाली, "पिढ्या कुठल्या? ही इसरली म्हणून सांगितलं." मला वाटते, दोघांचेही बरोबर होते.

गाणे रेकॉर्ड झाले त्या दुपारी आम्ही दोघी एसटीच्या डेपोत आलो. तिची गाडी पुसेगावची, माझी बाळापूरची. तिची आधी लागली. खिडकीशी बसून तिने पदर सारखा केला, माझ्याकडे परक्या घरच्या बाईकडे पाहावे तसे, जरा आदराने पाहिले आणि विचारले, "आता कधी येशील?"

इतक्या वर्षांत हे तिने मला कधी विचारले नव्हते. जी गेलीच नाही तिला कोण विचारणार? काळजातून काहीतरी निसटले, आणि त्याच्याच जागी काहीतरी निवांत येऊन बसले. निरोप देणारीनेच माझ्या येण्याची वाट उघडली होती. दिवस सांगायला मी तोंड उघडले, तोवर गाडी हलली होती. आणि तिने हात बाहेर काढून, उत्तराची घाई नसल्यासारखा, सावकाश हलवला.